पाच लिटरचा कॅन

काळूरामने ताटाच्या वरच्या कडेला बोट टेकवलं आणि तिथेच ठेवलं. भात वाढून झाला होता, वालाचं बिरडं वाढून झालं होतं, बोट मात्र हलेना.

कृष्णाबाईने बोटाकडे बघितलं आणि त्याच्या शेजारी लिंबाची फोड ठेवली.

"हे काय?"

"लिंबू."

"लिंबू मना वलखता येतं. मीठ कुठं हाय?"

"डॉक्टरनी बंद केलंय."

"डॉक्टरनी तुझं बंद केलंय काय?"

"माझं प्रेशर एकशेतीस हाय."

"मंग तुझ्या ताटातलं दे."

कृष्णाबाईने स्वतःच्या ताटातलं मीठ तळहाताने झाकलं आणि दुसऱ्या हाताने जेवायला लागली. काळूराम उठला. देवांच्या फोटोंच्या ओळीत शेवटच्या खिळ्याला एक कात्रण टांगलेलं होतं, पोयनाडला नेऊन प्लास्टिकमध्ये पक्कं केलेलं. ते त्याने काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि कोशिंबीर ठेवावी तसं ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलं.

"वाच," तो नातीला म्हणाला.

रुचिताने घास गिळला. ती अलिबागला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, शनिवार-रविवार आजोबांकडे खारमाचीला यायची, आणि गेल्या चार महिन्यांत तिने हे कात्रण इतक्या वेळा वाचून दाखवलं होतं की आता बघायचीही गरज नव्हती.

"मीठ खा, शंभर वर्षं जगा. खाडीकाठच्या आगरी माणसाचं गुपित, शास्त्रज्ञांनी टेकले हात."

"हात टेकले," काळूराम कृष्णाबाईला म्हणाला. "आनि तू ताट झाकून बसलीस."

मथळ्याखाली काळूरामचाच फोटो होता. मिठाच्या राशीसमोर, खांद्यावर फावडं, छाती पुढे. रास खरी होती पण आठ वर्षांपूर्वीची. त्यानंतर मिठागर एका कंपनीच्या कुंपणात गेलं आणि शेवटच्या राशीतली दोन पोती काळूरामने घरी आणून ठेवली. त्यातलं एक कधीच संपलं. दुसऱ्याच्या तळाला आता जेमतेम चार-पाच किलो जाडं, राखाडी मीठ उरलं होतं. पिशवीतलं पांढरं मीठ तो खात नसे. त्याला तो पावडर म्हणायचा, तोंडाला लावायची.

कात्रण दिवाळीत छापून आलं आणि काळूरामचे दिवस पालटले. माघी गणपतीत मंडळाने त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार ठरवला. कार्यकर्त्यांनी आग्रह धरला, की बाबांनी स्टेजवर मूठभर मीठ खाऊन दाखवावं, फोटो चांगला येईल. काळूरामने खाल्लं. मग त्याला माईक दिला. तोंडात मीठ असल्यामुळे "मना काय व्हत नाय" एवढंच वाक्य त्याने तीनदा म्हटलं आणि तिसऱ्यांदा म्हणताना तो मागे झुकला, झुकत गेला आणि प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर बसला. पाहुणे राजकारणातले होते, मांडीवर कोण बसलं याचं त्यांना नवल नव्हतं. त्यांनी काळूरामच्या कमरेला हात घातला आणि फोटोकडे बघून हसले. साप्ताहिकाने तो फोटोही छापला. खाली ओळ होती, 'सत्काराने भारावून गेलेले मीठभूषण.'

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने स्टेजमागे प्रेशर मोजलं तेव्हा ते एकशे अठ्ठ्याहत्तर आणि खालचं एकशे सहा होतं. डॉक्टर म्हणाले, गोळी रोज आणि ताटातलं मीठ बंद, नाहीतर पुढच्या वेळी मांडी मिळणार नाही, थेट जमीन.

तेव्हापासून या घरात दुपारी बारा ते साडेबारा हाच खेळ चालू होता.

"आजोबा," रुचिता म्हणाली, "हे साप्ताहिक आहे. त्याच पानावर टक्कल जाण्याचं तेल आहे."

"मंग?"

"मंग म्हणजे, हे कुणी तपासत नाही. खरं संशोधन वेगळं असतं. त्याचा मोठा पेपर असतो, चौदा-चौदा पानांचा. दहा जण तपासतात मग छापतात."

"त्यात काय लिवलंय?"

रुचिताला याच प्रश्नाची वाट होती. कॉलेजात जागृती मॅडमनी सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला होता. आरोग्याचा एक विषय घ्या. त्यावरचा एक अभ्यासकांचा लेख शोधा, एक सामान्य लोकांसाठी छापलेला. दोन्ही शेजारी ठेवा आणि सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा आणि का. वर्गातल्या निम्म्या मुलींनी मधुमेह घेतला. रुचिताने मीठ घेतलं. म्हणजे मार्कही मिळतील आणि आजोबाही वाचतील.

"पैज लावा," ती म्हणाली. "मोठ्या पेपरात जे लिहिलंय ते दोघांनी ऐकायचं. त्यात मीठ वाईट म्हटलं, तर तुम्ही ताटातलं मीठ सोडायचं."

"आनि चांगला बोलला तर?"

"तर बय स्वतःच्या हाताने वाढेल."

कृष्णाबाईने मिठावरचा हात न काढता नातीकडे बघितलं. "तू वाचलायस काय तो कागद?"

"वाचायची काय गरज आहे, बय? सगळ्या जगाला माहितीये."

ही चूक अभ्यासू माणसंच करतात.

पुढच्या शनिवारी रुचिता आली ती पाठीवरच्या सॅकसकट ओटीवर बसून राहिली. साप्ताहिकाच्या लेखात शेवटी बारीक अक्षरात एका संशोधनाचं नाव होतं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तिने ते शोधून काढलं, चौदा पानं छापून घेतली आणि एसटीत वाचली. पोयनाड येईपर्यंत तिचा चेहरा पडला होता.

काळूरामला चेहरे वाचायला चष्मा लागत नसे. त्याने शेजारच्या मनुबाईला हाक मारली. "ये गो, साक्षीला ये. नात हरलीय."

मनुबाई पदर खोचत आली. कृष्णाबाई ओटीच्या टोकाला भिजवलेले वाल सोलत बसली होती, तिने वर बघितलं नाही.

"तसं स्पष्ट म्हटलेलं नाहीये," रुचिता म्हणाली.

"मराठीत सांग."

"खाडीकाठचं एक गाव. नाव दिलेलं नाही, 'ब गाव' म्हटलंय. तिथली माणसं दिवसाला सरासरी अठ्ठावीस ग्रॅम मीठ खातात. म्हणजे बाकीच्यांच्या तिप्पट. आणि तरी त्यांचं प्रेशर बाकीच्यांइतकंच आहे. का, ते कळत नाही. कदाचित घाम जास्त येत असावा. कदाचित रक्तातच काही वेगळं असू शकेल. अधिक अभ्यासाची गरज आहे."

काळूरामने मांडीवर थाप मारली. "हेच तर साप्ताहिकात हाय."

"हेच नाहीये, आजोबा. साप्ताहिकवाल्याने 'कदाचित' काढून टाकलं. मी मोजलं, या पेपरात 'कदाचित' एकेचाळीस वेळा आहे."

"आनि त्याच्यात?"

"एकदाही नाही."

"मंग तूच सांग. येक मानूस येकेचालीस येला कदाचित बोलतो, दुसरा येकदा पन नाय बोलत. तू कोनाचं आयकशील?"

मनुबाईने मान डोलावली. मुद्दा तिला पटला होता.

रुचिताने शेवटचा प्रयत्न केला. मॅडमनी शिकवलं होतं, निष्कर्ष नंतर बघा, आधी पद्धत बघा. तिने चौथं पान उघडलं आणि वाक्यावाक्याने मराठी करत वाचायला लागली.

"मीठ किती खाल्लं हे माणसांना विचारून कळत नाही. माणसं खोटं बोलतात."

"खरं हाय," कृष्णाबाई वालाकडे बघत म्हणाली.

"म्हणून प्रत्येकाला निळ्या झाकणाचा पाच लिटरचा पांढरा कॅन देण्यात आला. एका दिवसात होणारी सगळी लघवी त्या कॅनमध्ये..."

मनुबाईने पदर तोंडाला लावला. "असं लिवलंय? छापून?"

"इंग्रजीत."

"मंग ठीक हाय."

"एकूण सत्तर कॅन वाटले. बासष्ट परत आले. आठ जणांनी अभ्यासातून माघार घेतली."

"माघार कसली?" मनुबाई म्हणाली. "क्यान चांगला व्हता. मी त्यात वाल ठेवलंय. कीड लागत नाय, झाकन घट्ट हाय."

रुचिताची नजर पानावरून वर आली. तिने मनुबाईकडे बघितलं, मग आजीकडे, मग सोललेल्या वालांकडे.

"ब गाव म्हणजे आपलं गाव?"

"तीन वर्सं झाली," काळूराम म्हणाला. "तो पोरगा आलेला ना क्यान घेऊन, अल्पेश. लाँचीनं मांडव्याला उतरला, तिथनं टेम्पो करून आला. साप्ताहिकवाला उगाच नाय माझ्याकडं आला. मी त्या कागदात हाय." आणि त्याने छाती फोटोतल्यासारखी पुढे केली.

रुचिताने घाईघाईने पुढचं पान काढलं. तिथे आकड्यांचा तक्ता होता. एसटीत तिने फक्त मिठाचा रकाना बघितला होता. आता तिने शेजारचा बघितला. पहिला माणूस, चार लिटर नऊशे. दुसरा, चार लिटर साडेनऊशे. तिसरी बाई, पाच लिटर. तिने बोट खाली खाली नेलं. बासष्टच्या बासष्ट माणसांना एका दिवसात पाच लिटर लघवी झाली होती. सत्तर वर्षांच्या म्हातारीला आणि अठरा वर्षांच्या पोरालाही.

नर्सिंगच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात, धडधाकट माणसाला दिवसाला दीड लिटर, फार तर दोन.

"यावर त्यांनी काय लिहिलंय बघा," ती हळू म्हणाली. "गावातील लोक उन्हात काम करत असल्याने कदाचित पाणी मुबलक पीत असावेत. लघवीचं प्रमाण लक्षणीय आणि एकसारखं आहे."

कृष्णाबाईने एक वाल सोलला, सालीतून दाबून वाटीत उडवला.

"भरून दिला तर भरलेलाच जानार ना."

मनुबाईने पदर पुन्हा तोंडाला लावला.

"बय," रुचिता म्हणाली, "भरून म्हणजे?"

"आता तो पोरगा येवढा मुंबैवरनं आला. नवा कोरा क्यान दिला. सकाली बघतीय तर अर्धा पन नाय भरला. आपल्यात कुनाचं भांडं मोकलं परत देतात काय? शेजारनीची वाटी आली तर आपन निदान साखर तरी घालून देतो."

"तू त्यात साखर घातलीस?"

"साखर कनाला घालू? पानी घातलं."

"कुठलं पाणी?"

"नलाला पानी येक दिवसाआड. ते काय त्याच्यात वतायचं? खारी विहीर हाय ना मागं, भांडी घासाची. तिचं घातलं."

रुचिताने चौदा पानं मांडीवर पालथी ठेवली. अठ्ठावीस ग्रॅममधलं जास्तीचं मीठ माणसांचं नव्हतं, विहिरीचं होतं.

"फक्त तूच ना?"

"मी येकटी कशी? मी अख्ख्या आलीत सांगितलं सगल्यांना, की बायांनो, अर्धा देव नका, गावाचं नाव जाईल. टेम्पोत ठेवाच्या आधी सगल्यांचं सारखं करून दिलं. तो पोरगा खूश झाला. बोलला, आजी, येवढं चांगलं सॅम्पल कुठंच नाय मिललं."

मनुबाई आता पदरात तोंड घालून हलत होती. काळूराम हलत नव्हता. कात्रण त्याच्या गुडघ्यावर होतं आणि फोटोतला काळूराम फावडं घेऊन सगळ्यांकडे बघत होता.

"माझ्यात पन घातलंस?"

"तुमच्यात तर जास्त. तुमचा जेमतेम येवढा व्हता." तिने बोटांनी वीतभर उंची दाखवली.

मागच्या विहिरीवर कुणीतरी बादली सोडली, तिचा आवाज आला.

"म्हंजे मी स्टेजवर गेलो," काळूराम म्हणाला, "तो खाऱ्या विहिरीच्या जिवावर."

"तसं नाही, आजोबा..."

"मंग विहिरीचा सत्कार कराचा व्हता. तिला शाल घालायची व्हती." तो उठला, आत गेला, कात्रण खिळ्याला लावलं. तिथून त्याचा आवाज आला. "पन पैज ती पैज. मोठ्या कागदात जे लिवलंय ते लिवलंय. कागद बदलून आन, मंग बघू. तवर मीठ चालू."

रुचिताने आजीकडे बघितलं. कृष्णाबाई उठली. संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने काळूरामच्या ताटात चिमूटभर मीठ वाढलं आणि चिमूट वाढताना तिची बोटं वाजवीपेक्षा जास्त वेळ ताटावर राहिली.

सोमवारी रुचिताने दोन्हीकडे कळवलं. साप्ताहिकात फोन लावला. तिथला माणूस सगळं ऐकून म्हणाला, मजकुराबद्दल तक्रार असेल तर संपादक बाहेर गेलेत, जाहिरात द्यायची असेल तर ते आहेत. मग तिने चौदाव्या पानावरचा पत्ता शोधला. अगदी तळाला, संदर्भांच्याही खाली, डॉक्टर प्राप्ती म्हणून कुणी होत्या, त्यांचा ईमेल होता. तिने विहिरीपासून वाटीतल्या साखरेपर्यंत सगळं लिहिलं आणि लिहिताना तीनदा खोडलं, कारण 'लघवीत पाहुणचार म्हणून पाणी घातले' हे सभ्य भाषेत कसं लिहायचं ते अभ्यासक्रमात नव्हतं.

गुरुवारी वर्गासमोर तिची पाळी आली. जागृती मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्यांना खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "तर दोन्हींतला विश्वासाचा कोणता?"

"मॅडम, दोन्ही चुकले होते," रुचिता म्हणाली. "पण एकाच्या खाली पत्ता होता. आणि पत्त्यावरून उत्तर आलं."

तिला दहापैकी आठ मिळाले. दोन का कापले ते मॅडमनी लाल शाईत लिहिलं होतं: आजीचा संदर्भ योग्य पद्धतीने दिलेला नाही.

उत्तर खरंच आलं होतं. डॉक्टर प्राप्तींनी लिहिलं होतं की त्यांनी हा निष्कर्ष दोन परिषदांमध्ये मांडला होता, तीन वर्षं त्यांना रात्री झोपताना त्या पाच लिटरचा प्रश्न पडत होता, आणि आता पडणार नाही. त्या पेपरात दुरुस्ती छापणार होत्या. त्याआधी सगळं पुन्हा मोजणार होत्या. पत्रात 'कदाचित' कुठेच नव्हतं.

तीन आठवड्यांनी अल्पेश आला. तोच टेम्पो, तेच निळ्या झाकणाचे कॅन. अल्पेशच्या डोक्यावरचे केस कमी झाले होते आणि चेहऱ्यावरचा विश्वासही. त्याने आळीतल्या सगळ्यांना देवळासमोर बसवलं. रविवार होता, रुचिताही होती.

"रोज खाता तेच खा," तो म्हणाला. "आणि हात जोडून सांगतो, जेवढी होईल तेवढीच. वरून काही घालू नका. पाणी नको, काही नको. अर्धा तर अर्धा. अर्धाच बरा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणाचं भांडं अर्धं परत द्या असं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि मागच्या वेळचे आठ कॅन कुणाकडे असतील तर..."

"ते माघार घेतलेल्यांचे," मनुबाई म्हणाली आणि विषय संपला.

मग त्याने एकेकाचं प्रेशर मोजलं. काळूरामची पाळी आली तेव्हा त्याने पट्टा दोनदा बांधला आणि दोनदा सोडला.

"किती?" रुचिताने विचारलं.

"एकशे चौऱ्याऐंशी."

कृष्णाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. गेले तीन आठवडे काळूराम विहिरीकडे जाताना वाटेत दोनदा बसायचा आणि विचारलं तर म्हणायचा, चपलेत खडा गेला. चप्पल तो सकाळी घालतच नसे.

"नवा कागद कवा येनार?" काळूरामने विचारलं.

"सगळं तपासून, लिहून, छापून... सहा महिने तरी. जास्तच."

"बघ," तो नातीला म्हणाला. "सहा महिने मीठ चालू."

"आजोबा, एकशे चौऱ्याऐंशी."

"पैज तू लावलीस."

कृष्णाबाई दोन कॅन उचलून घराकडे निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिताने कॉलेजला दांडी मारली. देवळासमोर टेम्पो उभा होता आणि अल्पेश वजनकाटा घेऊन बसला होता, पण कॅन घेऊन कुणी येईना. सगळ्या दारांत बाया उभ्या होत्या आणि सगळ्या कृष्णाबाईच्या दाराकडे बघत होत्या.

कृष्णाबाई बाहेर आली. अंगावर चांगलं लुगडं होतं, जे ती हळदीला नेसायची. दोन्ही हातांत दोन कॅन. पांढऱ्या प्लास्टिकमधून आतली पातळी दुरूनही दिसत होती, वीतभर. चालताना आत हिंदकळल्याचा आवाज येत होता, आणि भरलेल्या कॅनचा असा आवाज येत नाही हे आळीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. पन्नास वर्षांत या बाईने कुणाची साधी वाटीही अशी परत केली नव्हती. ती मान खाली घालून, अंगण ओलांडून, सगळ्यांच्या देखत टेम्पोपाशी गेली आणि कॅन अल्पेशसमोर ठेवून म्हणाली,

"येवढंच हाय."

अल्पेश उठून उभा राहिला. "आजी, अगदी बरोबर आहे."

"बरोबर नाय," ती म्हणाली. "पन तू बोललास म्हनून."

काळूराम ओटीवर बसून हे बघत होता. मग तो आत गेला. आत पोतं सरकवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं, नारळापेक्षा मोठं. ते दोन्ही हातांनी सांभाळत तो हळूहळू देवळापर्यंत आला, वाटेत एकदा थांबला, चप्पल घातलेली नसताना पायातला खडा झटकला, आणि गाठोडं कृष्णाबाईच्या कॅनच्या निळ्या झाकणावर ठेवलं.

"मोकलं नाय द्यायचं," तो म्हणाला.

अल्पेशने गाठ सोडून बघितली. जाडं, राखाडी मीठ होतं, उन्हात खडे चमकत होते.

"बाबा, हे कसलं सॅम्पल?"

"सॅम्पल नाय. भेट हाय. माझ्या आगराचं शेवटचं."

"हे मी फॉर्ममध्ये कुठे लिहू?"

"लिवू नको. लिवलंस तर परत छापून येईल."

मनुबाईला पहिल्यांदा सुचलं. ती घरात पळाली आणि तिच्या पाठोपाठ सगळ्या. अर्ध्या तासाने टेम्पो निघाला तेव्हा मागे बासष्ट अर्धे कॅन होते आणि प्रत्येकाच्या झाकणावर काहीतरी होतं. नारळ, शेवग्याच्या शेंगा, केळीची फणी, तांदळाच्या पापडांची चळत, एका कॅनवर पिशवीत चार अंडी. मनुबाईने वाल दिले होते, कागदाच्या पुडीत, जुना कॅन ठेवून घेऊन. अल्पेश पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, मांडीवर एक कोंबडी होती आणि तो ती कुणाला परत देता येईल हे विचारायचं विसरला होता.

घरी आल्यावर कृष्णाबाईने चूल सारखी केली. मग कोपऱ्यातलं पोतं उचलून बघितलं. ते झटकल्यासारखं हलकं लागलं. तिने फळीवरची बरणी खाली काढली. बरणीत बोटभर मीठ होतं.

काळूराम ओटीवरून म्हणाला, "कालवनापुरतं ठेवलंय. ताटापुरतं दिलं."

रुचिता दारात उभी होती. तिने आजीकडे बघितलं. कृष्णाबाईने बरणीचं झाकण लावलं, फळीवर ठेवली आणि पाटावर ताट मांडलं. भात वाढला, बिरडं वाढलं. वरच्या कडेला लिंबाची फोड ठेवली, आणि मग थोडा विचार करून दुसरीही ठेवली.